किल्ली

देवळाची किल्ली माझ्याकडे असते.
शांतवन होता तोवर घंटा त्याची, झाडू माझा;
तो प्रभूकडे गेला, आता दोन्ही माझे,
आणि लुगड्याच्या कनवटीला ही लोखंडी किल्ली,
उठता-बसता टोचणारी.

नंदुरबार संपतं तिथे आमचं कुंपण,
कुंपणापलीकडे मिरचीच्या पथारी.
मार्गशीर्षात तिथली माती दिसत नाही,
लाल, नजर पोचेल तिथवर लाल.
रात्रीचे ट्रक येतात बडवानीकडून,
उतरतात माणसं, पोरं, दोन-चार कोंबड्या,
आणि पाटीमागे पैसे मोजत
फाल्गुनापर्यंत देठ खुडतात.

त्यांचं-आमचं नातं खोकल्याचं.
वारा इकडे वळला की भर उपासनेत
अख्खी मंडळी खोकते.
पाळक खूण करतात, मी खिडक्या लावते.
कमिटीच्या वहीत ठरावही आहे:
आवारातल्या नळावर बाहेरच्यांनी येऊ नये.
वळवी सरांचं अक्षर फार देखणं.
माझा अंगठा नाही त्यावर, पण
नळाला कुलूप मीच घातलं.

त्या रात्री असली थंडी होती
की बादलीतल्या पाण्यावर साय धरली.
ताडपत्रीखालून एक पोर खोकत होतं.
मिरचीचा खोकला मला कळतो,
कोरडा असतो, चिडका.
हा ओला होता. तळातून येत होता.

मी पडल्या पडल्या प्रार्थना केली:
प्रभू, त्या लेकराला ऊब दे.
आमेन म्हटलं, गोधडी ओढली.
किल्ली टोचली.
कूस बदलली.
त्या कुशीवरही टोचली.

मग आठवला आजा.
अक्राणीच्या दुष्काळात ह्याच ओट्यावर
तो अंगावर लंगोटीनिशी येऊन पडला होता म्हणे,
आणि कोण्या मार्थाबाईने
नाव विचारायच्या आधी पेज दिली होती.
हे मी दर नाताळात सांगते, साक्ष म्हणून.
लोक डोळे पुसतात. मीही.

घरापासून कुंपण सतरा पावलं.
कंदील घेतला. तार उचलली, पदर फाटला.
त्यांचा कुत्रा भुंकला, मीच घाबरले,
आणि तोंडातून आली ती लहानपणची बोली:
“मझार या ना. कसाले उभा ऱ्हायनात भाहेर?”
उभं कोणीच नव्हतं. सगळे निजलेले.
एक बाई उठून बसली, पोर छातीशी.
तिने विचारलं, भाडं किती?

मला उत्तर सुचलं नाही.
मी नुसतं पोराला हात पुढे केले.

एकोणीस माणसं आली. मी मोजली,
सवय आहे, दानपेटीची.
वेदीपासून लांब, दाराशी निजली,
चपला उशाला घेऊन,
कधीही उठवतील ह्या बेताने.
पोरीचं नाव सायली नाही, सायजी;
दोनदा चुकले मी, तिच्या आईने दोनदा सुधारलं.
पहाटे गावित डॉक्टरला उठवलं.
तो आधी चिडला, मग स्वेटर उलटा घालून आला.

उजाडता त्यांनी ओट्याखाली चूल मांडली.
मी झाडू घेऊन उभी, काय झाडावं कळेना.
बोंदरीबाई म्हणाली, बस.
माझ्याच देवळात मला म्हणाली, बस,
आणि ज्वारीची भाकर मोडून
मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला, वर मिरची.
डोळ्यांत पाणी आलं.
मिरचीचंच होतं, असं मी सगळ्यांना सांगते.

कमिटी बसली. वळवी सर दोन रविवार बोलले नाहीत.
तिसऱ्या रविवारी त्यांच्या घरून
एक घोंगडी आली, नातवाच्या हाती, निरोप नाही.
नळाचा ठराव अजून वहीत आहे.
कुलूप कुठे ठेवलं, मला सापडत नाही.

फाल्गुनात ट्रक आला आणि ते गेले,
निरोपाबिरोपाशिवाय, रात्रीतूनच.
सतरंज्या मी तीनदा झटकल्या, उन्हात टाकल्या,
तरी पाळक डोळे मिटून हात उंचावतात
आणि मागच्या रांगेतून कोणीतरी
सणसणीत शिंकतं.
पोरं हसतात.
खिडक्या मी आता लावत नाही.